डिझेल मोटार, तिची चाल आणि तिचा वारस यांबाबत

मी, संघमित्रा अंबादास तायडे, वय ५३, अविवाहित, विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात अधिकारी, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला भीक न घालता लिहून ठेवत आहे. माझे डोके शाबूत आहे. डोळे तेवढे नाहीत. काचबिंदूमुळे दोन्ही बाजूंचे दिसणे कमी झाले आहे. समोरचे मात्र अजून लख्ख दिसते, तेव्हा नातेवाइकांनी उगाच आशा धरू नये. मी इतक्यात जात नाही. डॉक्टरांनी फक्त "गाडी चालवणं बंद करा" म्हटले आहे.

तेव्हापासून माझा धाकटा भाऊ विशाल तीन वेळा चहाला येऊन गेला. त्याआधीच्या तीन वर्षांत एकदा आला होता, तोही जॅक मागायला. मृत्युपत्र करण्याचे कारण एवढेच.

कलम १. मुलुंडचा वन बीएचके फ्लॅट विशालच्या दोन्ही मुलांना, म्हणजे तेजल आणि सम्यक यांना, समसमान मिळावा. विशालला नाही. त्याला देणे म्हणजे शेवटी एकट्या सम्यकला देणे; तेजलचा थांबा तो घेणार नाही.

कलम २. बँकेत जे काही असेल ते घाटकोपरच्या आमच्या जुन्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला द्यावे. आधी पंखे बसवावेत, मग माझ्या नावाची पाटी. उलट क्रमाने केल्यास देणगी रद्द.

कलम ३. मोटार. सन २०१२ची, पाच दारांची, डिझेलवर चालणारी छोटी हॅचबॅक. रंग बदामी, कंपनीने त्याला कागदावर कुठल्याशा वाळवंटाचे नाव दिले होते. ती माझ्या कमाईची आहे हे इथे नमूद करते, कारण पार्किंगमध्ये नव्याने भेटणारा प्रत्येक जण "मिस्टरांची का?" असे विचारतो.

थोडा पूर्वेतिहास. माझे वडील, कालकथित अंबादास तायडे, यांनी तीस वर्षे बेस्टची बस चालवली. विशाल अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला शिकवायला त्यांनी मित्राची गाडी मागून आणली. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. मी म्हटले, "दादा, मलाही." वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते म्हणाले, "तुला कशाला? मी आहे ना बस चालवायला." विशाल परीक्षेत दोनदा नापास झाला. मी चाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पैशाने शिकले आणि पहिल्याच फेरीत पास झाले. हे दोन्ही निकाल आमच्या घरात आजवर कोणी उच्चारलेले नाहीत.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी शोरूमच्या माणसाने चाकाखाली लिंबू ठेवले. मी म्हटले, "काढा ते. आमच्या आजोबांनी छप्पन्न सालीच हा विषय संपवलाय." लिंबू घरी आणून सरबत केले. गाडीला तेरा वर्षांत अपघात नाही.

जे झाले ते अपघात नव्हते, माझे नातेवाईक होते. सम्यक, वय २१, याने वर्षभरापूर्वी सोसायटीच्या गेटमधून निघताना डावा आरसा तोडला. दावे विभागात बसून मी "झाड अचानक समोर आले" असे अर्ज रोज वाचते, पण "गेट आत सरकलं गं आत्या" हे नवीन होते. सदर आरसा मी पिशवीत जपून ठेवला आहे. तो सम्यकला मिळावा. या मोटारीतला त्याचा हिस्सा एवढाच.

विशालने सन २०१९मध्ये महाडला जायला गाडी नेली. पनवेलच्या अलीकडून फोन आला.

"ताई, तुझी गाडी रुसलीय."

"काय भरलंस?"

"पेट्रोल. फुल टाकी! तुझ्यासाठीच ना."

"विशाल, ती डिझेल आहे."

तो म्हणाला, "दोन्ही शेवटी जमिनीतूनच येतं ना, ताई?"

भांडुपचे गॅरेजवाले प्रीतम टोचन लावून गाडी घेऊन आले, टाकी उपसली, फिल्टर बदलला. त्यांनी विशालला एक शब्द ऐकवला नाही. अशा माणसाला मी माझी पाना-पेटी आणि जंपर केबल ठेवून जात आहे.

कलम ४. जो कोणी ही गाडी चालवेल त्याच्यासाठी सूचना. या मिळकतीपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

किल्ली फिरवल्यावर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो. तो विझल्यावरच स्टार्ट करावी. डिझेलला जागे व्हायला दोन क्षण लागतात. ते देण्याची दानत नसेल तर रिक्षा करावी.

दोन हजार आरपीएमच्या खाली ही गाडी सरकारी कचेरीसारखी असते: हजर असते, काम करत नाही. त्याच्यावर काटा गेला की टर्बो जागा होतो आणि पाठ सीटला टेकते. नवख्याला वाटते, गाडी हातातून सुटली. सुटलेली नसते, तिला आत्ताच कामाची आठवण झालेली असते. म्हणून ओव्हरटेक करताना आधी गियर खाली, मग पाय. पवईच्या बाजूने पूल चढताना तिसरा गियर. चौथ्यात चढवल्यास ती कण्हते, आणि मागे बसलेला प्रत्येक पुरुष "गियर, गियर" म्हणू लागतो.

क्लच जड आहे. गांधीनगरच्या सिग्नलला हाफ क्लचवर उभी ठेवून रुबाब करू नये. हँडब्रेक त्यासाठीच दिलेला आहे. इंजिन लोखंडी आणि नाक जड, त्यामुळे वळणावर आधी वेग कमी करावा, स्टीअरिंग नंतर. मध्येच मत बदललेले तिला आवडत नाही. बाहेरून आवाज पिठाच्या गिरणीचा. काचा वर केल्या की शेजारच्या घरात मिक्सर चालू असल्याइतपत. ऐंशीच्या वेगाला मात्र पाचव्या गियरमध्ये ती इतकी शांत होते की माणसाला आपण बरे आहोत असे वाटू लागते.

आता ॲव्हरेज. तेरा वर्षांत पुरुषमंडळींनी या गाडीबद्दल मला एवढी एकच गोष्ट विचारली. लिटरला शहरात अठरा, हायवेला बावीस. ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटते, ते मला प्रमोशन मिळाले तेव्हाही पाहायला मिळाले नव्हते. हाच शब्द विशाल स्वतःच्या मुलीसाठी वापरतो. तेजल फिजिओथेरपिस्ट झाली तेव्हा पाहुण्यांनी विचारले, कशी आहे अभ्यासात? हा म्हणाला, "ॲव्हरेज आहे." आमच्या घरात गाडीचे ॲव्हरेज अभिमानाने सांगतात आणि मुलीचे दिलगिरीने.

कलम ५. सदर मोटार माझ्या पश्चात तेजल विशाल तायडे, वय २५, हिला मिळावी.

कारण असे. तेजल मुलुंड ते विक्रोळी घरोघरी जाऊन पेशंटना उभे करते. खांद्यावर शेक द्यायच्या मशीनची बॅग. रिक्षा मिळेपर्यंत दोन पेशंटची वेळ जाते, म्हणून ती निम्म्या लोकांना नाही म्हणते. गेल्या वर्षभर दर रविवारी सकाळी मी तिला ऐरोली पुलाच्या अलीकडे शिकवले.

"आत्या, बंद पडली!"

"पडू दे. परत चालू कर."

"मागचा हॉर्न मारतोय गं."

"त्याचा हॉर्न, त्याची बॅटरी. तू दिवा बघ."

जूनमध्ये तिला लायसन्स मिळाले. विशालने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि आपल्या कपाटात ठेवून दिले. म्हणे, "आयडी प्रूफ म्हणून उपयोगी पडेल."

गाडी तिला देणार हे तिसऱ्या चहाच्या वेळी सांगितले, तेव्हाचे त्याचे म्हणणेही नोंदवते. तो म्हणाला, "ताई, ती मुलगी आहे. उद्या लग्न झालं की गाडी नवऱ्याच्या दारात. सम्यक निदान घरात तरी आहे."

"म्हणूनच गेटला धोका आहे."

"आणि तिला काही झालं तर? कुणाचा डंपर आला, काही आलं तर? तू जबाबदारी घेणार?"

हे विचारताना त्याचा आवाज बदलला होता. तो विनोद नव्हता, म्हणून मीही केला नाही. "दादांनी मला हेच सांगायला हवं होतं," मी म्हटले. "भीती वाटते म्हणाले असते, तर मी ऐकूनही घेतलं असतं. मला कशाला, म्हणाले." तो चहा अर्धा ठेवून गेला.

कलम ६. कलम ५ रद्द.

खुलासा. मसुदा घेऊन मी घाटकोपरचे वकील केतन शहा यांच्याकडे गेले. ते या मृत्युपत्राचे व्यवस्थापक आहेत. त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, गाडीचं कलम छान आहे. पण हे लागू तुमच्यानंतर होणार."

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे… नंतर."

"आणि तोवर गाडी कोण चालवणार?"

"तोवर गाडी उभी."

मी आयुष्यभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या आणि स्वतःच्या कागदात ही ठेवली. उभ्या डिझेल गाडीची बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात. पंधरा वर्षे २०२७ला भरतात; मग तपासणी, नवी नोंदणी. आमच्या घराण्यातल्या बायका नव्वदी गाठतात. तेजलला मी एक चालती गाडी देत नव्हते, सदतीस वर्षांनंतरचे भंगार देत होते, आणि तोवर तिने काय करावे? रिक्षाची वाट पाहावी आणि आत्याच्या मरणाची. "तुला कशाला" म्हणण्याचा हा जरा सभ्य मार्ग झाला.

केतनभाईंना म्हटले, नाव बदलायचे फॉर्म काढा. त्याच दिवशी सह्या केल्या. सबब सदर मोटार आता माझ्या मिळकतीत नाही, तिच्याबद्दल या मृत्युपत्रात कोणी काही शोधू नये.

कलम ७. आज सहीच्या दिवशीचा वृत्तान्त, कारण पुढे विशाल तो वेगळा सांगेल.

विशालला निरोप दिला होता: घाटकोपरला यायचे आहे, लायसन्स घेऊन ये, तुझे नाही. तो आला. किल्ली तेजलने घेतली. मागे विशाल आणि आमच्या सोसायटीचे वॉचमन सीताराम परब, साक्षीदार म्हणून. मी पुढे, डाव्या सीटवर. रविवारची शिकवणी सोडली तर तेरा वर्षांत मी या बाजूला पहिल्यांदाच बसले.

विशालने खिडकीवरचा हातदांडा धरला तो सोडलाच नाही. "इंडिकेटर दे." "दिलाय, पप्पा." "आरसा बघ." "बघतेय, पप्पा." ऐरोली नाक्याला सिग्नल सुटला, तेजलने शांतपणे गाडी उचलली, आणि शेजारून आडवा घुसलेला रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, घर पे चलाओ!"

मी तोंड उघडेपर्यंत मागची काच खाली गेली होती.

"ए! आडवा तू घुसलास ना रे? लायसन्स आहे तिचं! दाखवू? हे बघ!"

विशालने शर्टाच्या खिशातून ते खरोखरच काढले होते आणि खिडकीबाहेर धरले होते. रिक्षा केव्हाच पुढे गेली. तो तसाच हात बाहेर काढून बसला.

"पप्पा, आत घ्या हात," तेजल म्हणाली, "उडेल ते."

त्याने हात आत घेतला आणि लायसन्स पुढे, तिच्या मांडीवर ठेवले. सीतारामकाकांनी मालवणीत पोरीच्या हाताला दाद दिली, "चेडवान गाडी बरी चलयल्यान हां." विशालने मान डोलावली. त्याच्या बाबतीत हे लेखी संमतीच्या वरचे आहे.

मग गाडी हायवेला लागली, टर्बो जागा झाला, आणि माझा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला.

"आत्या," तेजलने रस्त्यावरची नजर न हलवता म्हटले, "तिथे ब्रेक नाही."

"माहीत आहे मला."

विक्रोळीपर्यंत मी तरीही तो दाबत होते. पुढे केव्हा थांबले ते आठवत नाही. स्मरणशक्तीच्या मुद्द्यावर उद्या कोणी या मृत्युपत्राला हरकत घेतली, तर एवढी एक गोष्ट मला खरोखरच आठवत नाही, असे केतनभाईंनी खुशाल सांगावे.

वाचून, समजून, शुद्धीत सही केली.

संघमित्रा अंबादास तायडे

आमच्या समक्ष सही झाली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या:

साक्षीदार १: सीताराम परब, मुलुंड पूर्व
साक्षीदार २: केतन शहा, घाटकोपर

स्थळ: घाटकोपर, मुंबई
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५