मान मोडून दे

४ मार्च, सोमवार
घड्याळवाला आज पुन्हा खुर्चीत येऊन बसला. दाढी नको, कटिंग नको — "मान मोडून दे!" तीस वर्षं शेजारी दुकान, आणि तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून हा खाली मान घालून बसलेला. वहिनी म्हणतात, लग्नातसुद्धा एवढी मान खाली घातली नव्हती यांनी.
डावीकडे कट्, उजवीकडे कट्. "स्वर्ग!" म्हणाला. बोटांना मुंग्या येतात म्हणत होता. मी म्हटलं, म्हातारा झालास.

६ मार्च, बुधवार
त्याच्या चिमट्यातून स्क्रू निसटतात. शर्टाचं बटणही मीच लावून दिलं. पायरी उतरताना झोकांडी गेली. म्हटलं, "सकाळी सकाळीच घेतलीस काय रे?" दोघंही खूप हसलो.

८ मार्च, शुक्रवार
आज मान मोडली. उजवीकडे जरा जोरातच. तो "अरे—" एवढंच म्हणाला. उठायला गेला आणि कोसळला. चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं. माझा टॉवेल त्याच्या गळ्यातच होता.

९ मार्च, शनिवार
डॉक्टरीणबाईंनी वहिनींना कागदावर चित्र काढून समजावलं. मी मागे उभा. वर्षानुवर्षं मान वाकवून मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, मग आतला मज्जारज्जू दाबला जातो. नुसती मान आखडणं वेगळं. हाताला मुंग्या, वस्तू निसटणं, चालताना तोल जाणं — ही धोक्याची लक्षणं. अशा मानेला झटका द्यायचा नसतो.
"कुणी पिरगळली होती का?"
वहिनी म्हणाल्या, "नाही हो, दाढी करायला गेले होते."
मी गप्प. भ्याड! तिन्ही गोष्टी माझ्यासमोर घडल्या होत्या. त्यांवर मी विनोद केले.

१२ मार्च, मंगळवार
ऑपरेशन झालं. पाय हलत नाहीत.

१३ मार्च, बुधवार
एका गिऱ्हाइकाने मान पुढे केली. त्याला तसंच उठवलं. शटर ओढून घरी आलो.

१९ मार्च, मंगळवार
त्याची दाढी करायला दवाखान्यात गेलो. अर्ध्यावर सगळं बोलून टाकलं — माझ्यामुळे झालं, मीच केलं. तो छताकडे बघत होता.
"गेल्या महिन्यात मी एका डॉक्टरांना दाखवलं होतं. हिला न सांगता. ऑपरेशन करा म्हणाले, मानेला कुणाला हात लावू देऊ नका म्हणाले. मी घाबरलो रे. तू मोडलीस की तासभर बरं वाटायचं. तुला सांगितलं असतं तर तू हात लावला असतास का?"
उरलेली दाढी मला जमली नाही.