रकाना १७ कोरा न सोडल्याबाबत

प्रति,
मा. प्रवेश तक्रार निवारण अधिकारी,
तापीकाठ विज्ञान महाविद्यालय (स्वायत्त),
जळगाव.

विषय : कु. हेमांगी रुपचंद बेडसे हिचा बी.एस्सी. (वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्र) प्रथम वर्षाचा गुणवत्ता क्रमांक फेरतपासणेबाबत.

संदर्भ : १) आपली गुणवत्ता यादी, दि. ४ ऑगस्ट २०२५.
२) आपल्या मदत कक्षाचे ई-मेल उत्तर, दि. ७ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ च्या निवड यादीत ५८ व्या क्रमांकावर कु. मेघा धनसिंग नांद्रे हिचे नाव आहे. तिचे बारावीचे गुण ६१.३३ टक्के आहेत. प्रतीक्षा यादीत ७ व्या क्रमांकावर कु. हेमांगी रुपचंद बेडसे हिचे नाव आहे. तिचे बारावीचे गुण ८८.१७ टक्के आहेत. दोघींनी एकाच प्रवर्गातून, एकाच दिवशी, एकाच दुकानातून अर्ज भरले. जागा साठ आहेत.

२. मी साक्री तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात एकोणीस वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवितो. वरील दोघी माझ्या विद्यार्थिनी आहेत. हेमांगीचे वडील श्री. रुपचंद बेडसे यांनी हा अर्ज करण्यास मला दिलेले संमतीपत्र सोबत जोडले आहे.

३. प्रथम मी नेहमीच्या शक्यता तपासल्या. गुणपत्रकातील आकडे अर्जात बरोबर उतरले आहेत. कागदपत्रे मुदतीत पोहोचल्याची पावती आहे. हेमांगीचा अर्ज क्रमांक मेघाच्या आधीचा आहे. यांपैकी एकाही गोष्टीने क्रमाचा उलगडा होत नाही.

४. दोन्ही अर्जांत फरक एकच आढळला. रकाना १७ : ‘प्रवेशपूर्व चाचणीचे गुण (ऐच्छिक)’. आपल्या महाविद्यालयाची ही चाचणी मे महिन्यात जळगाव येथे संगणकावर, इंग्रजीतून झाली. आमच्या चौदा विद्यार्थ्यांनी ती दिली. त्यांचे गुण शंभरपैकी १९ ते ३६ च्या दरम्यान आहेत. आमच्या महाविद्यालयात दोन संगणक आहेत व त्यांतील एक कार्यालयात असतो. चाचणी नेमके काय मोजते, हा या अर्जाचा विषय नाही. मेघाला २७ गुण होते. तिने रकाना कोरा सोडला. हेमांगीला ३१ गुण होते. तिने ३१ लिहिले.

५. अर्ज भरून देणारे दुकानदार श्री. प्रेमराज यांना मी समक्ष भेटलो. त्यांनी सर्वांना एकच सल्ला दिला होता, तो त्यांच्याच शब्दांत नोंदवितो : “कमी मार्क कशाले लिखतस? कोरं सोडी द्या. कोराले कोनी इचारत नही.” चौदापैकी तेरा जणांनी हा सल्ला मानला.

६. माहितीपुस्तिकेच्या पृष्ठ २२ वर “गुण कळविणे ऐच्छिक असून कमी गुणांमुळे कोणाचेही नुकसान होणार नाही” असे छापले आहे. संदर्भ क्र. २ नुसार हेमांगीचा गुणांक ५९.५८ आहे. ८८.१७ व ३१ यांची सरासरी ५९.५८५ येते. तिसरा दशांश आपल्या संगणकाने सोडून दिला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मेघाचा गुणांक ६१.३३, म्हणजे केवळ बारावीचे गुण. सरासरी काढणारे सूत्र कोरी जागा मोजत नाही. शून्य लिहिले असते तर ते मोजले गेले असते. अर्थात, जो काहीच कळवीत नाही त्याचे गुण अबाधित राहतात आणि जो कळवितो त्याचे निम्म्यापर्यंत घटू शकतात. मी स्वतः संगणकावर तीन वेळा करून पाहिले. तिन्ही वेळा तेच उत्तर आले.

७. ही बाब दि. ८ रोजी मी मदत कक्षात समक्ष मांडली. तेथील कर्मचारी सौजन्याने वागले. “सर, सिस्टीमला खरं-खोटं कळत नाही. भरलंय की नाही, एवढंच कळतं,” असे ते म्हणाले. भरलेला आकडा काढण्याचा एकच मार्ग आहे असे सांगून त्यांनी छापील घोषणापत्र दिले. मजकूर असा : “रकाना १७ मधील गुण माझ्याकडून चुकून भरले गेले असून मी सदर चाचणी दिलेली नाही.” हे घोषणापत्र दि. १३ रोजी सायंकाळी पाचपर्यंत दिल्यास तिचा क्रमांक आपोआप सुधारेल. गुणांक ८८.१७ झाल्यास ती निवड यादीत तिसरी येते.

८. म्हणजे हेमांगीने खरे लिहिले म्हणून ती यादीबाहेर गेली, आणि आता खोटे लिहून दिल्यास ती यादीत येईल. ते घोषणापत्र घेऊन ती दि. ९ रोजी माझ्या घरी आली. “सर, हाई लिखू का?” एवढेच तिने विचारले. मी अद्याप उत्तर दिलेले नाही.

९. या उत्तरावर काय अवलंबून आहे, हे आपणास ठाऊक असावे. रुपचंदभाऊंनी जूनमध्येच घरात सांगून ठेवले आहे : “यादीमा नाव उनं ते जळगाव; नही उनं ते पाव्हना येतीन.” (उनं म्हणजे आले.) पाहुणे मालेगावचे आहेत आणि दि. १७ रोजी मुलगी पाहण्यास येत आहेत. हेमांगी मार्चमध्ये अठरा वर्षांची झाली. तिच्या आई सुंदरबाई यांनी मला वेगळे गाठून, सरांनी काय ते लवकर सांगावे, अशी विनंती केली आहे.

१०. मेघाचा प्रवेश रद्द करावा, अशी मागणी नाही. तिने नियमाबाहेर काहीही केलेले नाही. यादी लागल्यावर ती स्वतः माझ्याकडे आली व म्हणाली, “सर, मना सत्तावीस शेतस, ते बी लिखी ल्या.” ते लिहिल्यास तिचा गुणांक ४४.१६ होऊन तिची जागा जाईल व ती हेमांगीला मिळणार नाही, कारण मध्ये सहा जण आहेत. मी तिला ते कोठेही लिहू नकोस, असे सांगितले. विद्यार्थ्याला असे सांगण्याची माझी ही पहिलीच वेळ. या अर्जातील तिचे गुण तिच्या क्रमांकाविरुद्ध वापरू नयेत, ही विनंती.

११. सबब प्रार्थना अशी की, (अ) पृष्ठ २२ वरील लेखी हमीनुसार हेमांगीचा गुणांक ८८.१७ धरून तिला, आवश्यक तर एक वाढीव जागा निर्माण करून, प्रवेश द्यावा. (आ) ते शक्य नसल्यास, सदर घोषणापत्र तिने भरावे किंवा कसे, हे आपण आपल्या सहीने दि. १३ पूर्वी लेखी कळवावे. तोंडी उत्तर तिला दाखविता येणार नाही.

१२. कारणाचा शोध पूर्ण झाल्याशिवाय अर्ज अपुरा राहील, म्हणून पुढील नोंद करतो. अकरावीत साध्या दोलकाच्या प्रयोगात हेमांगीचे सातवे रीडिंग जुळत नव्हते. तिने ते खोडून शेजारच्या बाकावरचे उतरविले. आमच्याकडे जर्नल बहुधा असेच पूर्ण होते व परीक्षकही त्यास हरकत घेत नाहीत. मी ते पान परत करून त्यावर तांबड्या शाईने लिहिले : “आलेले रीडिंग लिहा. न जुळणारेही.” त्यानंतरच्या दोन वर्षांत तिच्या जर्नलमध्ये खाडाखोड नाही. दि. २१ जून रोजी दुपारी १२.४० वाजता तिने दुकानातून मला फोन करून, रकाना १७ भरू की सोडू, असे विचारले. माहितीपुस्तिका माझ्या टेबलावर होती. मी ती उघडली नाही. “आलेत तेवढे लिही,” असे सांगितले. संभाषण एक मिनिटही चालले नाही. उरलेल्या तेरा जणांनी मला विचारले नाही. ते तेराही निवड यादीत आहेत. हेमांगीचे नाव त्या यादीत नसण्याचे कारण, तिने मला विचारले आणि मी सांगितले तसे केले, हे आहे.

लेखी उत्तराच्या अपेक्षेत, आपला नम्र,

(सही)
ज्ञानेश्वर अमृत भदाणे
भौतिकशास्त्र शिक्षक, ता. साक्री, जि. धुळे
दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) श्री. रुपचंद बेडसे यांचे संमतीपत्र
२) माहितीपुस्तिका, पृष्ठ २२ ची प्रत
३) घोषणापत्राचा नमुना, न भरलेला
४) अकरावीच्या जर्नलमधील पान, मूळ प्रत. विद्यार्थिनीस परत करावयाची आहे.