आईंची चौथी माळ

अहो,

आईंचं आतडं चिडकं आहे, उपवास झेपेल पण दाणे-साबुदाणा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एवढ्यानं काय होतंय म्हणून मी काल तिसऱ्या माळेला हौसेनं खिचडी केली, वर दाण्याची आमटी. चुकलंच माझं. सकाळपासून त्या चारदा संडासला जाऊन आल्या. विचारलं तर म्हणतात, "काही न्हाई गं, नळ आले का बघून राहिले."

आपल्या छकुलीसाठी नवस बोलून धरलेले नऊ दिवस त्या मोडणार नाहीत, तुम्हीही वाद घालू नका. राजगिऱ्याची पातळ लापशी झाकून ठेवलीय, ती द्या. मी छकुलीला लसीचा डोस द्यायला दवाखान्यात चाललेय. आई पुन्हा नळ बघायला उठल्या, तर मागोमाग जाऊन पोट कसं आहे ते विचारा. आज नळाचा दिवस नाही.

उज्वला