काळ्या चौकटीतली स्नेझिना

प्रिय वेलिचकाताई,

तुझ्या दोन्ही गालांना धाकट्या भावाचे पापे. गुडघे काय म्हणतात? मिरचीची रोपं धरली का? वरच्या मजल्यावरची बाई अजून जिना धुण्यावरून भांडते का? माझं म्हणशील तर रक्तदाब आहे, झोप नाही आणि विद्यापीठात मला बघून लोक खोलीचं दार लावून घेतात, बाकी उत्तम. (दार का लावतात, हेच सांगायला बसलो आहे. तू निवृत्त झालीस तरी जातीची परिचारिका, मध्येच उठून जाणार नाहीस.)

गेल्या वर्षी आमच्या डीनबाई कुठल्याशा परिषदेला गेल्या आणि येताना एक खूळ घेऊन आल्या. पोरं वर्गात येत नाहीत, आली तर झोपतात, आणि निम्मी दुसऱ्या वर्षीच जर्मनीत शतावरी तोडायला पळतात. त्यावर उपाय म्हणे डिजिटल पोर्टफोलिओ! प्रत्येकानं संगणकावर स्वतःचं पान करायचं, फोटो लावायचा, केलेलं काम मांडायचं, आणि आम्ही त्यावर बिल्ले चिकटवायचे. वेळेवर आला, बिल्ला. तासाला फोन बंद ठेवला, बिल्ला. प्रश्न विचारला, बिल्ला. उभा जन्म मृदाशास्त्र शिकवण्यात गेला आणि आता बालवाडीतल्या बाईंसारखा चांदण्या वाटत बसलो. पोरं कसली बिलंदर! एकानं पहिल्याच दिवशी हात वर करून विचारलं, "सर, तास कधी संपणार?" प्रश्न तर प्रश्नच. द्यावा लागला.

मनापासून काम करणारी एकच, स्नेझिना. आईबाप नाहीत. डोंगराकडच्या खेड्यात नेनोआजोबांनी तिला वाढवलं. त्यांच्याच द्राक्षमळ्याची माती तिनं थराथरानं तपासून पानावर मांडली होती, आणि मी इतक्या वर्षांत इतकं देखणं काम पाहिलं नाही. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत थांबण्याचा बिल्ला होता, नाताळात अहवाल लिहिण्याचाही होता, त्यामुळे पोरगी वर्षभर घरी गेली नव्हती. मार्चमध्ये येऊन मला म्हणाली, "सर, मी सोडते. आजोबा एकटे पडलेत. गावातल्या बायका त्यांना रोज टोचतात, माती शिकायला पोरगी शहरात कशाला पाठवलीस, आपल्या अंगणात काय कमी आहे?"

मला वाटलं, गावाचं तोंड बंद केलं की झालं! आजोबांची मान ताठ झाली की तेच तिला शिक्षण सोडू देणार नाहीत. म्हणून मी तिचं पान छापलं. आमच्या छपाईयंत्रात काळी शाई तेवढी असते, तेव्हा पानाची हिरवी किनार काळी आली. मध्ये स्नेझिनाचा ओळखपत्रावरचा गंभीर फोटो. वर, संगणकानं आपणहून टाकलेलं, 'एक वर्ष पूर्ण'. खाली बिल्ले: 'अथक परिश्रम', 'सर्वांना मदतीचा हात', 'कधीही उशीर केला नाही'. ताई, आई गेली तेव्हा चाळीस दिवसांचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं अशी काळ्या चौकटीची, फोटोची सगळी शोकपत्रकं छापून फाटकावर मीच चिकटवली होती ना? तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी वर मोठ्या अक्षरांत तिचं नाव टाकलं आणि गठ्ठा बसचालक मिंचोच्या हाती दिला: एक दुकानावर, एक थांब्यावर, एक तिच्या फाटकावर. मिंचोनं टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्याला देऊ केलेली बाटली परत केली. मला वाटलं, शिक्षणाबद्दल लोकांना अजून केवढा आदर आहे!

सकाळी दुकानवाल्या गिनानं पाव मांडता मांडता ते वाचलं. वर्ष झालं, आणि म्हाताऱ्यानं लपवून ठेवलं! बायका रडत, भांडत फाटकावर. "अरे नेनो, पोरीला जाऊन वर्ष झालं आणि आम्हाला तिच्या नावानं चमचाभर गोड गहू नाही खाऊ घातलेस? माणूस आहेस का कोण?" "कुठल्या पोरीला?" म्हणत म्हातारा बाहेर आला. त्यानं वर्षबिर्ष काही ऐकलं नाही. रविवारी तो तिच्याशी फोनवर बोलला होता, पण रविवार होऊन गेला होता. त्यानं फोटो पाहिला, चौकट पाहिली आणि फोन लावला. पुन्हा लावला. स्नेझिना माझ्या तासाला बसली होती आणि तिचा फोन बंद होता. (त्याचा बिल्ला मीच दिलेला.) म्हातारा फाटकाची कडी धरूनच खाली बसला.

वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. स्नेझिना त्याच दिवशी घरी गेली ती तिथंच आहे. पत्रक अजून फाटकावर आहे, कारण असं पत्रक कुणी फाडत नाही, पावसानं न्यायचं असतं. तिनं मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. डीनबाई म्हणाल्या, "हेतू चांगला होता हो तुमचा," आणि माझ्या पानावर बिल्ला लावून मोकळ्या झाल्या: 'समाजापर्यंत पोहोच'. तो काढता येत नाही, मी प्रयत्न केला.

मी दर शनिवारी पुस्तकं घेऊन जातो. ती आजोबांना सूप भरवते, मला कॉफी देते, सगळं ऐकून घेते आणि पुस्तक उघडत नाही. जूनच्या परीक्षेला बसली नाही तर पटावरून नाव कमी होईल. मला फार लाज वाटते, ताई. असो. मिरच्यांना जास्त पाणी घालू नकोस.

तुझा,
दोब्रोमिर

ता. क. पत्र सहजच लिहिलं, काम असं काही नव्हतं. पण तू आयुष्यभर असेच रोगी सांभाळलेस. परीक्षेपुरती येऊन म्हाताऱ्यापाशी बसशील का? खोली उन्हाची आहे. तो त्रास देत नाही, फक्त ती उठून बाहेर गेली की रडतो.

ता. क. आणखी एक. विचार करायला वेळ घे, असं लिहिणार होतो, पण तिला मी तुझा होकार गेल्या शनिवारीच सांगून टाकला आहे. तिनं हात पुसले आणि विचारलं, "सर, परीक्षेला कुठपर्यंत आहे?"