पहिल्या नंबरची आई

४ ऑगस्ट, सोमवार

ठकीला पहिला नंबर! सगळ्या शाळांच्या निबंध स्पर्धेत, आठवीच्या गटात. आणि विषय काय — ‘माझी आई’! म्हणजे निम्मं बक्षीस माझंच की. दुकानात येईल त्याला सांगत सुटले. एका आजोबांच्या चष्म्याची काडी गरम करून वाकवत होते, बोलण्याच्या नादात जरा जास्तच वाकली. मालक म्हणाले, “निबंध पुरे आता, काड्या सांभाळा.”

घरी आल्यावर ठकीला म्हटलं, वाचून दाखव. तर म्हणे, “शाळेत जमा केलाय.” लाजली असेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा मागे लागले. “आई, तू ना, फार अति करतेस!” आणि दार धाडकन. बापावर गेलीये अगदी. तो वर्षभर वेगळा राहतोय, पण दार आपटण्याची कला इथेच ठेवून गेलाय. बाकी आमचं दोघींचं झकास चाललंय. रिमोट माझा, पंखाही माझ्याच मर्जीने फिरतो. तक्रार नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

दुकानात फोन. ठकीच्या वर्गशिक्षिका. यंदाच नवीन आल्यात, मला कधी पाहिलेलं नाही. बक्षीस समारंभाला घरून कोण येणार, एवढंच विचारायचं होतं.

“आपण तिच्या कोण?”

“आई.”

पलीकडून अगदी हळू आवाजात — “म्हणजे... नंतरच्या?”

मी वारले आहे! निबंधात, तिसऱ्या परिच्छेदात, दीर्घ आजाराने. बाईंनी वाचूनच दाखवलं. जाताना मी ठकीच्या डोक्यावर थरथरता हात ठेवते आणि मंद हसते. हातातली काच खाली पडायची राहिली.

संध्याकाळी ठकीला समोर बसवलं. आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. “एआयला सांगितलं, आईवर निबंध दे, मनाला भिडेल असा.”

“आणि शेवटपर्यंत वाचला नाहीस?”

“पहिला परिच्छेद छान होता. म्हटलं पुढचाही असेल. भराभरा उतरवून काढला.”

उतरवून काढला! स्वतःच्या हाताने आईला मारलं आणि पोरीला पत्ता नाही! शिवाय ती निबंधातली बाई पहाटे चारला उठते, कधी रागावत नाही आणि सतत पदराला हात पुसते. मी पँट-शर्टात चष्मे विकते!

हसू येत होतं तोवर ठीक होतं. मग तोंडातून निघून गेलं, “तुला माझ्याबद्दल स्वतःच्या दहा ओळी सुचल्या नाहीत?” ती दप्तर भरायला लागली. हे मात्र लागलं मला. खूप लागलं.

१० ऑगस्ट, रविवार

तीन दिवस अबोला. मी धरलेला. गेलेल्या माणसाने बोलायचं तरी कसं!

११ ऑगस्ट, सोमवार

अर्धी सुट्टी टाकून शाळेत गेलो दोघी. ठरलं होतं की बोलायचं ठकीनेच. शिक्षकांच्या खोलीत उभी राहिली आणि बोलली. “निबंध मी लिहिलेला नाही. बक्षीस नको.” मला तिचा पापा घ्यावासा वाटला. राग होता म्हणून नाही घेतला.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, “एकूण छप्पन्न निबंध आले होते. त्यातल्या एकोणतीस आया वारल्यात.”

“मग हिलाच कसा पहिला नंबर?”

“परीक्षक म्हणाले, हिची आई सगळ्यात छान गेली.”

बाई आणि मी खो खो हसलो. ठकी नाही हसली.

पहिला नंबर आता दुसऱ्या मुलीला. तिने आईचा वाढदिवस विसरल्याबद्दल लिहिलंय, भरपूर खाडाखोड करून. बरं झालं. ठकीला शिक्षा एकच — परवा मधल्या सुट्टीत बाईंच्या समोर बसून हाच निबंध पुन्हा लिहायचा. बक्षिसासाठी नाही. नुसताच.

परत येताना विचारलं, जमेल ना? म्हणाली, “जमत नव्हतं असं कोण म्हणालं?” उद्धट!

१३ ऑगस्ट, बुधवार

बाई स्वतः दुकानात आल्या. हातात पाकीट, चारी बाजूंनी पिना मारलेलं. “मी वाचलेला नाही. ती म्हणाली, फक्त आईला द्या.” एवढ्या पिना! काढता काढता नख तुटलं. गिऱ्हाईक आलं म्हणून पर्समध्ये टाकलं. घरी जाऊन निवांत वाचेन. दहा ओळी तरी असतील.

१४ ऑगस्ट, गुरुवार

चारच ओळी आहेत.

‘माझी आई दिवसभर सगळ्यांना हसवते. बाबा गेल्यापासून ती रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडते. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही. स्पर्धेत हे लिहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून दुसऱ्या कुणाची तरी आई दिली.’

आज नळ सोडला नाही. ठकी बाहेरून म्हणाली, “आई, दार उघड.”

उघडलं.