रबरी कान

बाबा, तुमचा रबरी कान अजून माझ्याकडे आहे. कपाटाच्या खालच्या खणात, तुमच्या लोकरी टोपीत गुंडाळून ठेवलेला. रबर आता कडक झालंय आणि पाळीजवळ एक तडा गेलाय. त्यावर सुईच्या ठिपक्यांना दिलेल्या चिनी आकड्यांच्या शेजारी तुम्ही शाईच्या पेनाने बारीक अक्षरात लिहिलं होतं, दम, पोट, गुडघा, झोप. त्यातलं आता फक्त ‘झोप’ वाचता येतं, बाकीचं दमट हवेनं खाल्लं. परवा कपाट आवरताना तो हाती आला आणि आवरणं तिथेच राहिलं. मला लिहिण्याची सवय नाही हे तुम्हाला माहीत आहे. तार ऑफिसात माझी सगळी वर्षं दुसऱ्यांचे मजकूर आखूड करण्यात गेली.

जहाजावरची नोकरी संपवून तुम्ही कायमचे घरी आलात तेव्हा आई जाऊन पाच वर्षं झाली होती आणि मी नोकरीत रुळले होते. आपल्या वाडीतले इतर खलाशी ट्रान्झिस्टर आणायचे, नायलॉनच्या साड्या आणायचे. तुमच्या ट्रंकेतून सुयांचा पत्र्याचा डबा निघाला आणि हा कान. सिंगापूरला जहाज दुरुस्तीला लागलं असताना तुमचं डोकं दुखायचं, तेव्हा एका दुकानाच्या माडीवरच्या म्हाताऱ्या चिनी वैद्याने तुमच्या कानात सुया टोचल्या होत्या. पुढे जहाज त्या बंदराला लागलं की तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसायचात, शिकायचात. इथे आल्यावर तुम्ही वर्षातून दोनदा लोकांना आपल्या पडवीत बोलवायला लागलात, एकदा मिरगाच्या आधीच्या रविवारी आणि एकदा दसऱ्यानंतर, दिवसा ऊन भाजतं आणि पहाटे दव पडतं त्या दिवसांत. हवा पालटली की माणसाला जरा आधार लागतो, एवढंच तुम्ही म्हणायचात. येणाऱ्या प्रत्येकाला आधी बजावायचात, “मी डॉक्टर नाही. डॉक्टरची गोळी बंद करायची नाही.”

लोक आपापली चटई घेऊन यायचे. शेजारच्या भाट्ये गावातूनही दोन-चार जण यायचे. भिंतीला पाठ लावून वीसेक माणसं बसायची आणि तुम्ही एका टोकापासून सुरुवात करायचात, प्रत्येक कानात पाच सुया. ज्यांना सुईची भीती वाटे त्यांच्या कानाला मोहरीचा दाणा चिकटपट्टीने लावायचात. मग अर्धा तास कुणी बोलायचं नाही, आणि शेवटच्या माणसाची शेवटची सुई निघेपर्यंत कुणी उठायचं नाही. पण तो अर्धा तास सुरू होण्याआधी पलीकडच्या काकी बोलून घ्यायच्या. दमा त्यांना, आणि जिभेला दम कसला तो नाहीच.

“मेल्या, कान आहे हा माझा. जाळं शिवतोयस काय?”

“गप बस गो वहिनी, टाका चुकेल.”

“चुकला तर दुसरा कान आहे. तुझ्यासारखं एकाच कानाने नाय ऐकत मी.”

सगळी पडवी हसायची आणि हसण्याने सगळ्यांच्या कानातल्या सुया हलायच्या. मला हे सगळं स्वयंपाकघरात ऐकू यायचं. स्टोव्हवर टोपात सुया उकळायच्या आणि परत आल्या की मोजून डब्यात ठेवायच्या, एवढंच माझं काम. मी पडवीत येत नसे. ऑफिसातल्या एकाने एकदा विचारलं होतं, “बाबा कान टोचतात म्हणे. सोनाराचं दुकान कधी काढलं?” घरी येऊन मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तुम्ही कारण विचारलं नाहीत.

“शिकून घे,” तुम्ही म्हणायचात. “माझ्या हाताचा काय भरवसा?”

“पुढच्या खेपेला.”

“तुझी पुढची खेप बंदराला कधी लागायची?”

एका दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही मला तिथेच पाटावर बसवलंत. रबरी कान माझ्या हातात दिलात आणि माझं बोट धरून मधल्या खळग्यातला ठिपका दाखवलात, जिथे ‘दम’ लिहिलं होतं. मी सुई घेतली. रबरात ती सरळ गेली. “हात चांगला आहे तुझा,” तुम्ही म्हणालात आणि स्वतःचा कान पुढे केलात. “आता इथे.” मी सुई कातडीला टेकवली. कानाची ती ऊब बोटाला लागली आणि मी सुई खाली ठेवली. “मला नाही जमायचं.” तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही सुई पुसलीत आणि डब्यात ठेवलीत.

त्याच वर्षी गणपती गेल्यावर तुमची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. हॉस्पिटलातून तुम्हाला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही, पण तुम्हाला माझ्या तोंडावरून कळलं असणार. मग दसरा झाला. त्यानंतरच्या रविवारी कुणी येईल असं मला वाटलंच नव्हतं.

सकाळचे नऊ वाजलेत. मी दारात उभी आहे आणि समोर चटया बगलेत धरून लोक उभे आहेत. मी सांगते, आज काही होणार नाही. काकी म्हणतात, “ठाऊक आहे गो. आम्ही नुसतं बसतो. त्याला माणसांची चाहूल तरी लागेल.” आणि सगळे आपापल्या जागी भिंतीला टेकून बसतात, सुयांशिवाय. कुणी बोलत नाही. काकींच्या छातीतली शिट्टी तेवढी आतल्या खोलीपर्यंत ऐकू येते.

तुम्हीही ती ऐकताय. डावा हात भिंतीवरच्या फळीकडे करता. मी तिथला रबरी कान आणते. तुम्ही मधल्या खळग्यावर बोट ठेवता, मग हात उचलता, मग पुन्हा तिथेच बोट. मी धावत जाऊन मोहरीचा दाणा आणि चिकटपट्टी आणते आणि तुमच्या कानाला लावते. तुम्ही मान हलवता, नाही. मी दाणा जरा सरकवते. नाही. तुम्ही खाटेच्या कडेवर मूठ आपटता. मी दुसऱ्या कानालाही दाणा लावते. तेव्हा तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहता आणि मग हो म्हणून मान हलवता. डोळे मिटता. बाहेर अर्धा तास उलटून गेलाय, पण कुणी उठत नाही, कारण शेवटची सुई काढायला कुणी नाही. शेवटी काकीच म्हणतात, “चला, निघाल्या सगळ्यांच्या.” चटया गुंडाळल्याचा आवाज येतो.

दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. त्या थंडीत काकींना दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं. एका सुईने काही फरक पडला असता का, मला तेव्हा माहीत नव्हतं, आताही नाही. काकींनी मला कधी काही विचारलं नाही. इतरांनी विचारलं तेव्हा मी सांगत आले की बाबा शेवटी कानावरचा कुठलासा ठिपका दाखवत होते, पण शाई पुसली होती, कळलं नाही. इतकी वर्षं सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

हे कागद आता त्याच टोपीत ठेवते. त्या सकाळी ‘दम’ची शाई अगदी स्पष्ट होती, बाबा. आणि प्रत्येक वेळी खळग्यावरून उचललेला तुमचा हात पडवीकडे जात होता.