सहावी पिशवी

८ एप्रिल २०१९, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे. नमुन्यांच्या खोलीत चाळणी धूत होतो, ती तशीच ठेवून लिहायला बसलो आहे.

प्रिय ताई,

शुक्रवारी छिंगमिंगला, पितरांची थडगी साफ करायच्या सणाला, तू मातीची टोपली घेऊन आईच्या थडग्याकडे चढत होतीस, तेव्हा मी मागून तुला हसलो. म्हटलं, डोंगरावर काय माती कमी आहे? तू म्हणालीस, "तिच्याच शेतातली नेते दरवर्षी. डोंगराची माती तिच्या हाताला कधी लागली होती का?" ते ऐकून मी वाटेतच खाली बसलो. आईची आठवण आली असं तुला वाटलं. तुझी मान्मान तर मामाला रडका म्हणाली. पण कारण वेगळं होतं.

नोव्हेंबरात गावाने तक्रार केली की तेलविहिरीच्या चिखलाचा खड्डा आपल्या शेतांत झिरपतो. माती तपासायला आमचीच तुकडी आली. विहिरीभोवतीच्या पाच पिशव्या भरायच्या, आणि सहावी लांबच्या, कुणीही न खणलेल्या जमिनीची. पाचांतलं विष सहावीशी ताडून बघतात. इतर पोरं सहावी पिशवी रस्त्याकडेलाच भरतात. आमचे प्रमुख तुओ साहेब म्हणतात, "माती ती माती, गाठ मार आणि चल." मला ते पटेना. सगळ्यांत निर्मळ जागा कुठली, तर मला आईचं थडगं आठवलं. तिथे कोण नांगर घालणार? थंडीने सगळा डोंगर दगड झाला होता, थडग्याचा उंचवटा तेवढा भुसभुशीत. आईची क्षमा मागून मी तिथली माती घेतली. चिठ्ठीवर 'कधीही न खणलेली जमीन' असं नीट अक्षरात लिहून सही केली. दहा वर्षं मी शहरात होतो, तुझी टोपली मी कधी पाहिलीच नव्हती.

निकालात बेरियम आणि लॅन्थॅनम, सेरियम ही दुर्मिळ मूलद्रव्यं पाचांत जितकी, तितकीच सहावीत निघाली. म्हणजे इथली माती मुळातच अशी, असं ठरलं आणि तक्रार फेटाळली गेली. नूडल्सच्या दुकानात फेंग काका म्हणाले, "आपलाच पोरगा होता म्हणून बरं. परका असता तर पैसे खाल्ले म्हटलं असतं." सगळे हसले. मीही हसलो.

शुक्रवारपासून मनात हेच घोळत होतं: बोललो तर नोकरी जाते, आणि पैसे खाल्ले असं काका खरोखरच म्हणतील. गप्प राहिलो तर याच महिन्यात तू आईच्या त्या विहिरीलगतच्या शेतात बटाटे लावशील आणि मान्मान ते खाईल. ज्या चिठ्ठीवर एक खाडाखोड नाही, तीच खोटी निघाली.

आज दुपारी मी तालुका कार्यालयात सगळं लेखी दिलं. ते म्हणतात, नुसत्या शब्दावर भागणार नाही. आईचं थडगं वरून थराथराने उकरून, तू नऊ वर्षं वाहिलेली माती आणि खालची डोंगराची माती वेगवेगळी तपासावी लागेल. त्याला थोरल्या अपत्याची संमती हवी. तो कागद सोबत आहे, तुझ्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली आहे. तू नाही म्हणालीस तर प्रकरण तिथेच मिटेल आणि मी सुटेन, हे मला कळतं. म्हणूनच लिहितो आहे, नाही म्हणू नकोस. आणि तोवर बटाट्याचं बी पोत्यातच राहू दे.

तुझाच,
रुईशेंग